उमरावाची पोटरी

माझे पाय बारीक आहेत. हे उघडपणे सांगायला मला बासष्ट वर्षं लागली, तेव्हा आधी तेवढं उरकून टाकतो. वर सगळं ठीक आहे, पोटही यथास्थित आहे, पण गुडघ्याखाली देवाचा माल संपला असावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी शिपाई झालो होतो. आखूड चड्डीत रंगमंचावर पाऊल टाकलं आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बगळा आला." मी आल्या पावली विंगेत परत गेलो.

तिथेच राहिलो. आमच्या हौशी नाट्यमंडळात तीस वर्षं मी प्रॉम्प्टर होतो. पुस्तक हातात धरायचं आणि नट अडखळला की हळूच शब्द पुरवायचा. सगळ्या नाटकांतली सगळी कामं मला तोंडपाठ. "अहो, तुम्ही स्वतः का नाही उभे राहत?" असं कोणी विचारलं, की मी म्हणायचो, आवड नाही. साफ खोटं. मला रंगमंचाची हावरटासारखी आवड होती. एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर उभं राहून टाळी घ्यायची होती.

गेल्या वर्षी आम्ही अठराव्या शतकातल्या फ्रान्सचं एक विनोदी नाटक बसवायला घेतलं. लिहिलं होतं आमच्या दिग्दर्शिका बाईंनी. बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. शेरा मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. नाटकात एक नटवा उमराव होता. ते काम वाघोलीहून येणाऱ्या एका आयटीतल्या तरुणाकडे होतं. प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना तो म्हणाला, "सॉरी बाई, मला ऑनसाइट जावं लागतंय." बाईंनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं आणि माझ्यापाशी थांबल्या. "तुम्हाला पाठ आहे ना? मग उद्यापासून पुस्तक मी धरते. आपण उभे राहा."

त्या दिवशी मी तालमीहून सदाशिव पेठेतल्या घरी चालत आलो. जिना चढल्यावर आठवलं, की स्कूटर तिकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी ती आणायला चालत गेलो, तेही आनंदातच.

मग बाईंनी कपड्यांची चित्रं दाखवली. फुलांची कशिदाकारी केलेला मखमली कोट, गळ्याशी आणि मनगटाशी झालरी, पांढरी भुकटी मारलेला टोप, टाचेचे बूट. मी म्हटलं, "बाई, हे पुरुषाचे कपडे आहेत?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटलं, नटायची अक्कल फक्त बायकांनाच?" इथवर मी खूश होतो. मग नजर खाली गेली. तुमान गुडघ्याशी संपत होती आणि तिथून खाली पायाला चिकटलेले पांढरे रेशमी मोजे. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "त्या काळी पुरुषाचं देखणेपण पोटरीत बघायचे. तिसऱ्या प्रवेशात उमराव पोटरी दाखवतो, ती उगाच नाही."

संवाद मला पाठ होता, पण ती पोटरी माझी असणार हे डोक्यातच आलं नव्हतं. "कोट जरा लांब केला तर? घोट्यापर्यंत?" मी विचारलं.

"मग त्याला गाऊन म्हणतात," बाई म्हणाल्या. मग माझ्या पँटकडे बघून आवाज जरा खाली आणला. "पाय बारीक आहेत का? अहो, त्यांचेही असायचे. ते लोक मोज्यांच्या आत खोट्या पोटऱ्या घालायचे."

मला त्या अनोळखी लोकांबद्दल एकदम मायाच वाटली. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे पॅरिसमध्येही कोणीतरी दार लावून, आरशासमोर उभा राहून, मोज्यात कापूस कोंबत होता.

कपड्यांचं सगळं बायकोने अंगावर घेतलं. जुन्या मखमली पडद्याचा कोट झाला, झालरी तुळशीबागेतून आल्या. सुताच्या टोपावर तिने मोदकांची उरलेली तांदळाची पिठी चाळणीने चाळली. मी शिंकून शिंकून बेजार. पोटऱ्यांची पाळी आली तेव्हा ती टेप घेऊन आली. "बसा, माप घेते."

"मापबिप काही नको. अंदाजाने कर," मी म्हणालो आणि पेपर तोंडापुढे धरला. घरातसुद्धा मी बारा महिने पायजमा घालतो. टेप लावून माझ्या पायांचा आकडा तिने मोठ्याने वाचलेला मला सोसला नसता. तिने हट्ट धरला नाही. तिचा अंदाज चुकतच नाही. मीठ ती मुठीने टाकते आणि शेजारणींचे ब्लाउज नुसतं बघून कापते. दोन दिवसांत तिने कापडाच्या दोन नळ्या शिवल्या, मागच्या बाजूला कापूस भरून टाके मारले. त्या पायात चढवल्या, वरून मोजे घातले आणि आरशात पाहिलं. काय पोटऱ्या होत्या. मी अर्धा तास आरशापुढून हललो नाही.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. बायको पहिल्याच रांगेत. पहिले दोन प्रवेश असे झाले, की मी स्वतःलाच ओळखेना. लोक हसत होते आणि मला हसत नव्हते, उमरावाला हसत होते. तिसऱ्या प्रवेशात उमराव एका श्रीमंत विधवेवर छाप पाडायला चौरंगावर पाय ठेवतो. मी ऐटीत पाय ठेवला आणि म्हणालो, "बाईसाहेब, अख्ख्या पॅरिसमध्ये अशी पोटरी दाखवा."

विधवेचं काम करणाऱ्या नटीने पायाकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मीही खाली पाहिलं. उजवी पोटरी फिरून पुढे, नडगीवर आली होती.

मी विंगेकडे पाहिलं. बाई पुस्तकाची पानं उलटत होत्या, पण पुस्तकात हे होतंच कुठे? मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मला शाळेतला तो दिवस आठवला आणि पाय आपोआप विंगेकडे वळायला लागले. तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "क्षमा असावी बाईसाहेब. ती तुम्हाला बघायला पुढे आली आहे."

असा हशा मी तीस वर्षांत विंगेतूनही ऐकला नव्हता. मग मला चेवच आला. चौरंगावर बसलो, बूट काढला, मोजा खाली ओढला, नळी काढून विधवेच्या हातात दिली. "ठेवा. उशाला घ्या." आणि माझा तो बगळ्याचा पाय, भर दिव्यांत, लोकांसमोर लांब केला. टाळ्या थांबेनात. उरलेलं नाटक मी एका पोटरीवर केलं. मला इतका आनंद झाला होता, की रडू येतंय की काय अशी भीती वाटली.

पडदा पडल्यावर बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्याच्या प्रयोगाला हे असंच ठेवा. उजवी राहू दे सैल. डावी मात्र घट्ट करून घ्या, नाहीतर दोन्ही एकदम भेटायला येतील."

सकाळी बायको गॅलरीत मोजे वाळत घालत होती. मी चहाचा कप घेऊन उभा होतो. म्हटलं, "या वेळी तुझा अंदाज चुकला. नळ्या चांगल्या दीड इंच सैल होत्या."

मोज्याला चिमटा लावता लावता ती म्हणाली, "चौतीस वर्षं बघतेय ते पाय. मला नाही वाटले कधी एवढे बारीक."

इथे शब्द पुरवायला कोणी नव्हतं. मी कप कठड्यावर ठेवला, खुर्चीत बसलो आणि पायजम्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडला. म्हणालो, "आण टेप. घे माप."