मोहाखालचा पाला

सकाळी चूल पेटवायच्या आधी मी डोंगराकडे बघायची, आणि चहा झाला की पुन्हा बघायची. जंगल राखणाऱ्या नाकेदाराच्या बायकोला उन्हाळ्यात दुसरा उद्योग काय? तळेगावपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, जंगल खात्याच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर पुलगावचं. वडील गिरणीत, घरामागे रेल्वे, दिवसभर कुठून ना कुठून आवाज. इथे दुपारी सागाचं वाळलेलं पान पडलं तरी मी दचकायची. घासून झालेली भांडी मी पुन्हा घासायला घ्यायची.

यांची तऱ्हा माझ्याहून वाईट. जेवता जेवता घास हातात धरून धुराचा वास घ्यायचे. वणवा अडावा म्हणून गवत कापून मोकळी ठेवलेली पट्टी रोज चालून यायचे. रेंजरसाहेब बजावून गेले होते, यंदा डोंगर पेटला तर नोकरी गेली समज. खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं होतं. नोकरी गेली तर पुलगावला जाऊ, वडील यांना गिरणीत चिकटवतील, माझी सुटका होईल. पेटू दे एकदाचा, असं मनात म्हणायची आणि धूर दिसतो का ते पाहायला सारखी अंगणात जायची.

डोंगर पेटायचा तो मोहामुळे. नाल्याच्या काठाने गावचे मोह होते. चैत्रात पहाटे त्यांची फुलं गळतात. ती पाल्यात हरवू नयेत म्हणून लोक झाडाखालचा पाला झाडून तिथेच जाळून टाकत, आणि वारा फिरला की तीच आग वर चढे. यांनी डोकं लढवलं. दोन मजूर घेऊन नाल्याकाठच्या सगळ्या मोहांखालची जमीन झाडून काढली, पाला लांब खड्ड्यात टाकला. "आता जाळाचं कारनच नाई राह्यलं," असं म्हणत घरी आले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी हे डोंगरावर गेले आणि गावच्या बाया दारात आल्या. पुढे एक म्हातारी, हातात खराटा.

"आमच्या मोहाखाली तुमी काऊन झाडलं?"

मला आधी वाटलं, आभार मानायला आल्या. "तुमची मेहनत वाचली नं, आजी," मी म्हणाले. त्यावर सगळ्या एकदम तुटून पडल्या. त्या गोंधळातून मला कळलं ते असं: हंगामाच्या तोंडाशी ज्या घरची बाई मोहाखाली झाडून घेते, त्या वर्षी ती फुलं त्या घरची. मग दुसरं कोणी त्यातलं एक फूल उचलत नाही. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, डोंगर सरकारचा झाला होता. बायांच्या लेखी सरकारने एका दिवसात सगळे मोह हडप केले होते.

"मालगुजारानं बी असं केलं नाई कधी," म्हातारी म्हणाली. "आता आमी थो पाला मोहाखाली आनून आग लावतो. तुमचं झाडलेलं मोडलं पायजे."

"अवो, हे वरतं हायेत!" मी ओरडले.

मला हवं होतं ते आपल्या पायांनी दारात आलं होतं, आणि आता मला ते नको होतं. त्या नाल्याकडे निघाल्या, मी मागे धावले. "मोडाचंच हाय नं? त मी मोडतो. पाला होता तसा आनून टाकतो. पन आग लावू नका."

बायांनी म्हातारीकडे पाहिलं. "टाक," ती म्हणाली.

मग मी टोपलीने खड्ड्यातला पाला उपसून पुन्हा मोहांखाली पसरायला लागले. चैत्राचं ऊन, अंगाला कुसळं टोचत होती, आणि बाया सावलीत बसून मजा बघत होत्या. "नाकेदाराले बायको बरी भेटली वो. तो झाडते अन् हे पसरवते!" एकेका मोहाखाली पाला पडला की दरवर्षी तो मोह झाडणारी बाई उठायची आणि तोच पाला झाडून परत खड्ड्यात न्यायची. असला वेडेपणा मी जन्मात पाहिला नव्हता. संतापाने डोळ्यांत पाणी येत होतं, तरी हात थांबत नव्हते.

दुपारी हे खाली आले. बायको पाला पसरते आहे हे पाहून जागीच उभे राहिले. "काय करून राह्यली तू?"

"चूप बस बापू," म्हातारीने त्यांनाच झापलं. "तुह्यं निस्तरून राह्यली ते." ते बाजूला बसले.

शेवटच्या मोहाखाली मी पाला टाकला, पण कोणी उठलं नाही. तो झाडणारी बाई गेल्या पावसाळ्यात वारली होती, मागे कोणी नव्हतं. म्हातारीने आपला खराटा माझ्यापुढे धरला.

"हा मोह तुह्या."

"मले नको."

"नको कशी? गावातली नं तू आता? झाडून घे. उद्या पायटी, उजाडाच्या आंधी, टोपली घेऊन येजो."

सगळ्या बघत होत्या. मी झाडून घेतलं.

घरी येताना हे त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसले. "माही नोकरी गेली तरी तुले आता गाव सोडत नाई," म्हणाले. मला हसू आलं नाही. डोंगर वाचला होता, नोकरी वाचली होती. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. अडकले होते मी.