आक्कांच्या नावाचं मीटर

दुसऱ्याच्या नावाचा कागद न उघडणारा माणूस अख्ख्या खान्देशात एकच होता, आणि तो पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पोस्टमनने चुकून त्यांच्याकडे टाकलेलं आमचं पोस्टकार्ड ते पालथं धरून, मान दुसरीकडे वळवून आणून द्यायचे. एकदा त्यांची बायको, म्हणजे आक्का, धुळ्याला मैत्रिणीकडे गेलेल्या असताना सोनगीरहून भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर आक्कांचं नाव. आबांनी ती तशीच देव्हाऱ्यापुढे ठेवून दिली. आक्का परतल्या तेव्हा नवरीच्या अंगाची हळदही उतरली होती. पुढे कितीतरी दिवस आबांच्या ताटात भरीत पडलं नाही. "तुनं नाव व्हतं, मी कसाले उघाडू?" एवढाच त्यांचा बचाव.

घरातलं विजेचं मीटर आक्कांच्या नावावर होतं. अंधारात भाकरी थापून कंटाळलेल्या आक्कांनी माहेरचे पैसे भरून, स्वतः अर्ज करून वीज घेतली होती. बिल त्याच उघडत आणि त्याच भरत. आबा कचेरीबाहेर त्यांच्या चपला सांभाळत उभे राहत. मग आक्का गेल्या आणि बिलं येतच राहिली. ती उघडणार कोण? आबा एकेक बिल आक्कांच्या फोटोमागे ठेवत गेले. वायरमन पक्कड घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मला हे कळलं. बिलं मी उघडली, आबांनी तोंड फिरवलं.

थकबाकी एकदम भरणं त्यांच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. हप्ते बांधून घ्यायला मी त्यांना रिक्षात घालून वीज कचेरीत नेलं. साहेब भले होते. हप्ते देतो म्हणाले, पण ग्राहक हयात नाही, तेव्हा आधी मीटर यांच्या नावावर करून घ्या. आबा उठून चालायलाच लागले. मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि तोड काढली, की आधी हप्ते फिटू देत, शेवटचा भरला की नाव बदलू. साहेबांनी मानलं. मात्र एक हप्ता चुकला तरी वायर कापू, असं बजावलं.

आबांनी हप्ते नवस फेडावा तसे फेडले. धुतलेलं धोतर, पैसे आक्कांच्याच कापडी पिशवीत, आणि खिडकी उघडण्याआधी रांगेत पहिला नंबर. शेवटचा तेवढा त्यांनी भरला नाही. ठरल्याप्रमाणे वायर कापली गेली.

मी तणतणत गेले. आबा कंदिलाची काच पुसत बसले होते. पैसे खुंटीवरच्या पिशवीत तसेच. एवढ्यासाठी अंधारात बसायचं का, असं मी त्यांना चांगलंच सुनावलं.

"घर मना बापनं शे, वावर भाऊनं शे," आबा काचेकडे बघत म्हणाले. "तिनं नाव आठेच, या मीटरवर राहेल शे, पोरी. ते बी मीच पुसू का?"

मी त्यांच्या हातातली काच घेऊन कंदिलावर बसवली.

वीज गेली तरी राहिलेल्या बाकीचं बिल आक्कांच्या नावाने येतच राहिलं. आबा ते दोन्ही हातांनी घेत. मी आमच्या ओट्यावरचा दिवा त्यांच्या दाराकडे वळवून घेतला. संध्याकाळी त्या उजेडात ते बिलाची घडी न मोडता वरचं नाव वाचत बसलेले दिसायचे. आमच्या घरचं बिलही लग्नापासून मीच भरत आले होते. त्यावर नाव मात्र आमच्या यांचं होतं.