दगड लाव

लान्स नायक बाळू गावडेशी माझं पटायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो चंदगडचा, मी मलकापूरचा. नव्वदनंतरची गोष्ट. आमची लष्कराची ट्रान्सपोर्ट कंपनी अरुणाचलात होती. तो ड्रायव्हर, मी को-ड्रायव्हर. पाचला रेशन लोड करायचं, सहाला गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटायचा. गाडी थांबली रे थांबली की त्याची ऑर्डर यायची, "उतर. दगड लाव." हँडब्रेक ओढलेला असो, रस्ता सपाट असो, मागच्या चाकाला दगड लागलाच पाहिजे. चहाला थांबलो तरी दगड. मी पार जेरीस आलो होतो. अख्खी कंपनी मला दगडवाला म्हणायची.

त्या दिवशी पाऊस होता. चौदा वीसला एका वळणावर पुढची गाडी रुतली. आम्ही थांबलो. "उतर. दगड लाव." मी पुटपुटत उतरलो. दगड उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्त्याची कडा आमच्या गाडीसकट खाली गेली. मागच्या गाडीत वायरलेस सेट होता, तिकडे पळालो.

"गाडी दरीत. ड्रायव्हर आत. ओव्हर."

"रिपीट."

पुन्हा सांगितलं. सतरा दहाला त्याला वर आणलं. तो गेला होता. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. कडा खचली, ड्रायव्हरचा दोष नाही, असा निकाल लागला.

सुट्टीवर आलो की मन सांगायचं, चंदगडला जा, त्याच्या आईबापाला भेट. पहिल्या सुट्टीत मी घर शाकारलं. दुसऱ्या सुट्टीत बहिणीचं लग्न काढलं. ही सगळी निमित्तं. तुमचा मुलगा गेला तेव्हा मी हातात दगड घेऊन उभा होतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिसऱ्या सुट्टीत कोल्हापूरच्या स्टँडवर मलकापूरच्या गाडीत बसलो होतो. शेजारीच चंदगडची एसटी लागली. स्वतःचा असा संताप आला की ट्रंक घेऊन उतरलो आणि तिच्यात चढलो. वाटेत ती दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा परत फिरायचा विचार आला.

बाळूचा बाप अंगणात काजूच्या बिया निवडत होता. मी ओळख सांगितली. "बसा पावणं," म्हणाला आणि काजूच्या मोहरावर सुरू झाला. मी बाळूचं नाव काढलं की तो पावसावर जायचा. तासभर हेच चाललं. एवढा आटापिटा करून आलो ते काजू ऐकायला? माझं डोकं फिरायला लागलं.

तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा बाळूची आई हळूच बोलली. पोरानं गाडी बेफाम हाकली असं गावात म्हणतात. लढाईत गेला असता तर निदान मान मिळाला असता, असंही म्हणतात. तेव्हापासून म्हातारा पारावर जात नाही. पोराचा दोष नव्हता हे त्या दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं मी, आणि मी घर शाकारत बसलो होतो. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

म्हातारा बाहेर आला तसा मी आवाज चढवला. "मामा, तुमच्या बाळूनं दगड लावायला लावून माझा जीव खाल्लाय."

"दगड?"

मग सगळं सांगितलं. वेळेसकट, निकालासकट. "कडा खचली मामा. त्याची चूक न्हवती. त्यानं मला दगडाला उतरवलं म्हणून मी जिता हाय."

म्हाताऱ्यानं बियांचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाला, "उतारावर बैलगाडी हुबी केली की दगड लावल्याबिगर बैल सोडायचा न्हाय. मीच शिकवलतं त्याला. लई वैतागायचा."

तो पहिल्यांदा रडला. मीही रडलो. मग त्यानं डोळे पुसले, खुंटीवरचा पटका काढून डोक्याला बांधला.

"चल."

"कुठं?"

"पारावर. हेच सांग समद्यांम्होरं. येळंसकट सांग."

मी सांगितलं. तो माझ्या शेजारी ताठ उभा होता.

आता मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. ट्रक थांबला की क्लीनरला उतरवतो. सपाटी हाय की काका, म्हणतात. मागून शिव्याही देतात. देऊ देत. दगड लागल्याशिवाय मी गेट पास देत नाही.