भोपळ्याची पहिली चीर

बियाणं घ्यायला मी उल्हासनगरला गेलेच नव्हते. गेले होते नवऱ्यासाठी इलॅस्टिकचे पायजमे घ्यायला. अर्धांगाच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून नाडी बांधायची आणि सोडायची ती मीच, आणि दिवसातून किती वेळा ते सांगण्यात अर्थ नाही. पायजम्यांच्या दुकानाशेजारी बी-बियाण्यांचं दुकान होतं. रिक्षाची वाट बघत उभी राहिले तर आतला सिंधी दुकानदार म्हणाला, "भाभी, ये लगा के देखो. नई चीज है, जल्दी आता है. बस छोटा-छोटा तोड़ना." पाकिटावर इंग्रजीत पॅटी पॅन स्क्वॉश लिहिलं होतं. चित्रात एक चपटं, पिवळं फळ होतं, कडेला करंजीसारखी मुरड घातलेलं. ते जल्दी आता है ऐकून मी पाकीट घेतलं. आमच्या घरात जल्दी येणारं काही उरलं नव्हतं.

आमचं घर मोरिवलीत. सासरच्यांची शेती केव्हाच कारखान्यांखाली गेली. मागच्या दारी एवढीशी वाडी राहिली आहे, तिच्यात अळू, मिरच्या, दोन केळी आणि कुंपणावर घोसाळं. ही वाडी नवऱ्याची. कंपनीची पाळी संपवून आला की कपडे न बदलता तो आधी तिकडे जायचा. आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो वाडीवर हुकूम चालवतो आणि मी राबते. मी शाळेत मास्तरीण होते, मुलांना ओरडण्यात हयात गेली. हुकूम ऐकायची सवय मला नव्हती, ती या दोन वर्षांत लागली.

पण खरं दुखणं वाडीचं नव्हतं, जेवणाचं होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, काकांचा डावा हात चांगला आहे, त्यांना चमच्याने स्वतः जेवू द्या. यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "डाव्या हातानं जेवाचं? मेलो तरी नाय." डावा हात कशासाठी असतो ते काय तिला ठाऊक नाही, म्हणे! मग मी स्टूल ओढायचं, भात कालवायचा, घास करायचा, तोंड पुसायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. त्याचं झालं की माझं ताट, तोवर सगळं गार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्या पिळाला मी रोज तीन वेळा भरवत होते. तो स्वतःच्या हाताने जेवला तर माझी निम्मी सुटका होईल, एवढंच माझं मागणं होतं. देवापुढे उभी राहिले की दुसरं काही तोंडात येतच नसे.

दिवाळीनंतर मी आळी केली, शेणखत घातलं, बी लावलं. रोपं आली तशी नवऱ्याने खिडकीतून पानं बघून निकाल दिला, "यो भोपलाच हाय. मांडव घाल." मी म्हटलं, दुकानदार काही वेगळंच बोलला. "त्याला काय कललं? तो पायजमे इकतो." पायजमेवाला वेगळा, बियाणंवाला वेगळा, हे सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. बांबू आणले, सुतळीने मांडव बांधला. पण ते रोप काही वर चढेना. एका जागी बसून ते नुसतं फुगलं, मोठमोठी पानं पसरून झुडपासारखं. रोज सकाळी नवरा विचारायचा, "येल धावला का?" आणि मी सांगायची, नाही धावला. रिकामा मांडव तसाच उभा होता. त्यावर मी पायजमे वाळत घालू लागले.

मग फुलं आली, पिवळीधमक, आणि फुलांमागे छोट्या चकत्या. दुकानदाराने सांगितलं होतं तशी मी पहिली चकती खुडायला गेले, तर खिडकीतून आरडाओरडा. "कवली खुडतंस? देठ सुकं दे, नख रुतलं नाय पायजे, मंग काढू." भोपळ्याचा कायदा त्याला पाठ होता. आयुष्यभर त्याने भोपळे पिकवले, माळ्यावर ठेवले, गणपतीपर्यंत पुरवले. मी मान्य केलं. पटलं म्हणून नाही, वाद घालायला उभं राहावं लागतं म्हणून. एकदा मात्र त्याचा डोळा लागला असताना एक कोवळी चकती मी हळूच तोडली, लसूण आणि हिरव्या मिरचीवर सालासकट परतली आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. लोण्यासारखी मऊ होती. असं काही आपल्याच वाडीत असताना आपण त्याचा दगड व्हायची वाट बघतोय, याचा मला फार राग आला. त्याला जाग यायच्या आत कढई घासून ठेवली.

दगडच झाला. देठ सुकले, रंग पिकला, नख रुतेना. त्यातली सगळ्यात मोठी चकती मी रविवारी घरात आणली आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की कापणार कोण? आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही. पहिली चीर घरातल्या पुरुषाने द्यायची, मग बाईने हवे तेवढे तुकडे करावेत. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, आईने त्याच्यावर सुरी धरू नये, असं काहीतरी सासूबाई सांगायच्या. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, आणि तरीही लग्न झाल्यापासून अख्ख्या भोपळ्याला मी हात लावलेला नाही. नवऱ्याला झटका आला तेव्हापासून तर भोपळा बाजारातून फोडीनेच येत होता. असं का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"धाकल्याला हाक मार," तो म्हणाला. धाकटा म्हणजे माझा दीर, शेजारच्याच घरात राहतो. एक हाक मारली असती तर तो आलाच असता. पण त्या दिवशी माझी कंबर धरली होती, न्याहारी भरवल्यापासून बसले नव्हते आणि डोकं ठिकाणावर नव्हतं.

"नाही मारणार," मी म्हटलं. "भोपळा आहे असं तुम्ही म्हणालात. घरात पुरुष असताना शेजारून का आणू? द्या चीर, नाहीतर फेकून देते."

खुर्चीपुढे पाट ठेवला, त्यावर ते फळ आणि बाजूला कोयता.  त्याचा डावा हात खाली गेला, कोयत्याच्या मुठीवर. दुसरा भोपळा असता तर गडगडला असता, मला धरावा लागला असता. हे चपटं असल्यामुळे जागचं हललं नाही. पहिला घाव घसरला. दुसरा रुतला आणि अडकला. मग त्याने कोयता फळासकट उचलला आणि पाटावर आपटला. ओठ वाकडे, कपाळावर घाम. तिसऱ्या की चौथ्या आपटीला ते तडकलं. त्याने वाकून आत बघितलं.

"पांढरा हाय," तो म्हणाला. "भोपला नाय यो."

मला हसू आलं आणि रडूही. एवढं करून ती चीर बिनकामाचीच, हे तर मीही कापलं असतं! साल सोलताना माझे हात भरून आले. सुकट भाजून घेतली, कांदा, आगरी मसाला, आमसुलं, आणि वर या फोडी. शिजता शिजेनात. शेवटी मऊ पडल्या, पण चोथ्यासारख्या, चव नाही म्हणावी अशा. मी ताट वाढलं, त्याच्यापुढे ठेवलं, डावीकडे चमचा ठेवला.

"आज मी भरवणार नाही," मी म्हटलं. "कोयता उचलला, चमचाही उचलेल तो हात." आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. कारखान्यांकडून नेहमीचा आंबूस वास येत होता.  मग चमच्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि येतच राहिला.

मी दारातून बघितलं. तो जेवत होता. चाचपडत नाही, सांडत नाही. भात चमच्याच्या कडेने गोळा करायचा, सुकट बाजूला सारायची, सगळं नीट. असं पहिल्या दिवशी कोणाला जमत नाही. मी पहिली-दुसरीच्या मुलांना पेन्सिल धरायला शिकवलेलं आहे, मला ते ओळखता येतं.

"कधीपासून येतंय हे?"

तो थांबला.  "दोन वर्सं व्हाला आली," म्हणाला. "तू वारीत पानी घालीत असतंस तवा. पोहे, शिरा, काय झाकलेलं असंल तं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षं! दोन वर्षं माझी पाठ, माझे गुडघे, माझं गार जेवण. तोंडाला येईल ते मी बोलले, कारखान्याचा भोंगाही ऐकू आला नसता इतकी ओरडले. त्याने सगळं ऐकून घेतलं. हुकूम सोडले तर बोलणं त्याला जड जातं, शब्द एकेक करून येतात.

"भरवाला बसलीस का तेवराच टायम तू बसतंस माझ्याजवल," तो म्हणाला. "नायतर दिसभर उभीच."

 राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. मी आत जाऊन माझं ताट वाढून आणलं आणि स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. पाय दुखतायत म्हणून बसले, असं त्याला सांगितलं.