एका वेळी एकच गाऱ्हाणं

त्या दिवसांत देवापुढे हात जोडायचासुद्धा मला राग येत होता. माझी मुलगी शलाका इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली, काही काळ नोकरी केली आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तिने अर्ज केला. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या आमच्या इमारतीखालच्या सायबर कॅफेतून ती पांढरीफटक पडून वर आली. तुमची पदवी अ‍ॅक्रेडिटेड आहे का, पुरावा पाठवा, नाहीतर अर्ज पुढे जाणार नाही, अशी मेल आली होती. कॉलेज सरकारमान्य, पदवी विद्यापीठाची, मग हा दर्जाचा आणखी एक शिक्का कशाला? कॉलेजात फोन केला तर उत्तर मिळालं, "ते अ‍ॅक्रेडिटेशन संपलंय, तपासणीला नवीन कमिटी यायचीय." पोरगी त्या दिवसापासून धड जेवेना. इतकी वर्षं रात्रंदिवस अभ्यास, आणि एका शिक्क्यावाचून सगळं मुसळ केरात!

मी ही गोष्ट कुणालाच कळू दिली नाही. गिरगाव सोडून इथे आल्यापासून शेजारपाजारच्या गुजराती बायकांना मीच मिरवून सांगितलं होतं, "हमारी शलाका अमरीका जाएगी." झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी रिक्षा करून खाडीकाठच्या डोंगरी गावाच्या बाजूला टेकडीवरच्या देवीला गेले. माझं माहेर राजापूरकडचं, अडलं की देवीला कौल लावायचा हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार.

पण गाऱ्हाणं पुजारी घालतो आणि मोठ्याने घालतो, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी हळूच सांगितलं, आणि त्या आगरी पुजाऱ्याने भरल्या देवळात खणखणीत आवाज लावला, "आई, या बायची पोरगी इंजिनेर हाय. तिच्या कालेजचा मान्यतेचा अडलाय, तो सुटंल का, आन् पोरगी अमेरिकेला जाईल का?" धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पाकळ्या मात्र हलेनात. बराच वेळ वाट पाहून तो म्हणाला, "बाय, एका वक्ताला एकच इचारा. दोन सवालांना आई कंचं उत्तर देल?"

एकच म्हणजे नेमकं काय विचारायचं, तेच मला कळेना. इतक्यात माझ्यामागे उभ्या असलेल्या एक बाई पुढे आल्या. हातात ओटीचं ताट होतं.

"ऐकू आलं म्हणून विचारते हं. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. मुलगी पास झाली तेव्हा तिच्या ब्रँचचं अ‍ॅक्रेडिटेशन चालू होतं का?"

"ऑफिसवाले म्हणाले, संपलंय."

"अहो, आज संपलंय. तुम्हाला आजचं कशाला हवंय? ते अख्ख्या कॉलेजला नसतं, एकेका ब्रँचला ठरावीक वर्षांसाठी असतं. ती पास झाली त्या वर्षी चालू असेल तर घाबरू नका. प्रिन्सिपलना तेवढंच विचारा आणि लिहून घ्या."

पाकळ्या तशाच ठेवून मी घर गाठलं. शलाका दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेली. चालू होतं! ती पास झाल्यावर मुदत संपली होती. प्रिन्सिपलनी तसं लिहून दिलं, अमेरिकेतल्या विद्यापीठाने ते मान्य केलं आणि पुढे यथावकाश प्रवेशही मिळाला. त्या दिवशी पोरगी दोन वाट्या आमटी भुरकून जेवली आणि मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून मनसोक्त रडले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलंच. त्यांना देवीने पाठवलं, की त्या आपल्या नवसाला आल्या होत्या, यावर मी वाद घालत नाही. मी घट्ट झाकलेली मूठ चारचौघांत उघडली गेली, म्हणून वाट सापडली, एवढं मला कळतं.

शलाकाला घेऊन ओटी भरायला गेले तेव्हा पुजाऱ्याने ओळखलं. "बाय, तुमचा दुसरा सवाल ऱ्हायलाय. लावू पाकळ्या?"

आता सवाल वेगळाच होता. इतक्या लांब जाणारी ही माझी पोर परत येईल ना? अगदी ओठांवर आला होता. शलाका कठड्याशी उभी राहून खाडीकडे बघत होती.

"नको," मी म्हणाले. "विचारायचं काही नाही. देवीला नुसतं सांगा, पोर तुझी आहे, सांभाळ."

त्याने ते भरल्या देवळात मोठ्याने सांगितलं. या खेपेला मीही त्याच्या आवाजात आवाज मिसळला.