पाटावर बसलेला भाऊ आणि तुरुंगातले बाक

मीरा, आदित्य, दिनकरआजोबा गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा मीराने विचारलं होतं, "आजी, तू रडली का नाहीस?" पाच आठवडे झाले. आता उत्तर लिहिते, कारण तुमच्या आईला ते सांगणं मला जमलेलं नाही.

माझा हा धाकटा भाऊ तुरुंगाच्या कारखान्यात कैद्यांना सुतारकाम शिकवायचा. मी लोणारकडच्या एका सरकारी शाळेत मुख्याध्यापिका होते. सरकारी शाळेला बाक हवे असले की आधी तुरुंगाला विचारायचं, त्यांनी जमणार नाही असं लेखी दिलं तरच बाजारातून घ्यायचे, असा नियम. मी चाळीस बाक मागितले. नकाराचं पत्र आलं, कारखान्याच्या शेऱ्याखाली सही दिनकरची. पण पत्र यायच्या दोन दिवस आधीच एक व्यापारी दरपत्रक घेऊन माझ्यासमोर बसला होता. "तुरुंगवाले नाही म्हणणार आहेत, मॅडम." त्याला हे कुणी सांगितलं?

त्याचे बाक दिवाळीच्या आतच डुगडुगायला लागले. भाऊबीजेला दिनकर आला. तुरुंगाच्या विक्रीकेंद्रातून त्यानेच आणून दिलेल्या सागवानी पाटावर नेहमीसारखा बसला. ओवाळायच्या आधीच मी विचारलं, "तुझे कैदी रिकामे बसले होते का रे?"

"लाकूडच नोतं, ताई. लाकडाची मंजुरी वरून आली नाई. हवा रंधू का मी?"

"मग व्यापाऱ्याला आधी कसं कळलं?"

तो सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "तो आधी आला, हे तुले दिसलं होतं नं? मंग तू खरेदीवर सही काऊन केली?"

शाळा भरायला आठवडा उरला होता, मुलं जमिनीवर बसली असती... असं मनात म्हणत मी तबक उचललं.

त्यानंतर दर भाऊबीजेला निरांजनाच्या उजेडात मी त्याचा चेहरा तपासत आले; तो गेल्याचं कळलं तेव्हाही रडण्याआधी हा संशयच आठवला. त्याच्या तेराव्याला संग्रामपूरचे एक गृहस्थ आले. शिक्षा भोगून सुटलेले, आता स्वतःचं सुतारकाम करतात. मी त्यांना त्या बाकांचं विचारलं. "त्या साली लाकूड खरंच नोतं, बाई. सर आमच्याकून जुन्या फळ्याच रंधून घेत होते." म्हणजे नकार खरा होता. व्यापाऱ्याला बातमी कुणी दिली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दिनकरने दिली नाही, असं मी आजही म्हणू शकत नाही. आणि खरेदीवर सही माझी आहे.

पाट देवघराच्या भिंतीला टेकून उभा आहे. काल जमिनीवर मांडून हाताने दाबून पाहिला. डुगडुगत नाही.