आखाजीला थांबलेलं पेज

मी चौथी शिकलेला माणूस, घडलं तसं लिहितो. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावानं पाण्याची घागर भरायची म्हणून माझी वेबसाइटी बनवणारी पोरगी शिंदखेड्याला आली होती. तिनं घरासाठी एक पेज केलेलं. ते पाच जणांच्या मोबाइलवर एकदमच विचारायचं, जेवायला येताय का? पाचही जबाब आले की मगच जेवणाऱ्यांची यादी उघडायची. सकाळपासून पेज नुसतं फिरत होतं.

"आबा, चार जबाब उनात. एक बाकी शे."

"कोना?"

"मायना. तिना नंबर काढाना राही गया."

बायकोचा मोबाइल बंद होऊन पेटीत पडलेला. पोरगी म्हणाली, कुणी नकार दिला तर पेज वाट बघणं तिथंच सोडून देतं, पण जबाबच आला नाही तर वाट बघत बसतं.

"काढी टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. ती असताना घरात सगळे आल्याशिवाय कुणी जेवलं नव्हतं.

मी निखाऱ्यावर पितरांच्या नावाचा घास, आगारी, टाकली, आणि मागनं पोरीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. यादी उघडली होती. पाचवा जबाब होता, 'येते'.

"आबा, मी हातबी लाया नही."

मी पाचवं ताट वाढलं. पेटी उघडायची हिंमत मात्र अजून झालेली नाही.